अस्सल शिंपल्याचा वास

डिसेंबरातलं धुकं द्वारका चौकातल्या ट्रकांच्या टपावरनं अजून उठलं नव्हतं, आणि चंदर पत्र्याच्या शेडमध्ये बर्फासारख्या पाण्यात हात बुडवून शिंपले घासत होता. कोरडं घासलं तर भुकटी छातीत जाते, म्हणून पाणी.

आधी तो पितळी भांडी चकाकवायचा. घराघरांत स्टील आलं आणि चंदरचं पॉलिशचं चाक थांबलं. मग अबलोनी नावाचे परदेशी शिंपले आले. तळहाताएवढे, काठाला ओळीनं भोकं. बाहेरून गोठ्याच्या भिंतीसारखे; घासले की मोराच्या मानेचे रंग. बिल्डर ललितशेठनं आपल्या नव्या बंगल्याच्या देवघराला चाळीस मागवले होते. काम पास झालं तर शेड टिकणार, नाहीतर घोटीला मेहुण्याच्या भातगिरणीत पोती उचलायची.

लाकडासारखी दिसणारी फरशी आणि फरशीसारखं दिसणारं प्लास्टिक वापरून ललितशेठनं फ्लॅट विकले होते. त्यामुळं अस्सल माल आपल्याला लगेच कळतो, असं त्याचं मत होतं. चंदरनं देवघराच्या भिंतीवर बसवलेले शिंपले पाहून तो म्हणाला, "एवढं चकाकतं म्हणजे प्लास्टिकच."

चंदरला ते लागलं. त्यानं हातमशीन सुरू करून एका शिंपल्याची कड कोरडीच घासली. देवघरात जळक्या केसांचा वास पसरला, मागोमाग बोंबलाचाही.

शेठच्या आई मोहिनीबाई रेशमी सोवळ्यात पूजेला बसल्या होत्या. त्यांनी नाकाला पदर लावला. "हा वास कसला रे?"

"जिवाचा हाय, बाई," चंदर अभिमानानं म्हणाला. "समुद्रातल्या मोठ्या गोगलगायीचं घर हे. लोक खातात बी तिला. खोट्याला हा वास येतच नाय."

शेठची खात्री पटली. माल अस्सल होता, म्हणून परत न्यायला सांगितला.

चंदरनं देव्हाऱ्यातल्या शंखाकडं बोट केलं. "तो बी तसलाच हाय की."

"तो शंख आहे," मोहिनीबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

चंदर उतरवलेले शिंपले पिशवीत भरत असताना शेठनं हळूच विचारलं, असेच प्लास्टिकचे मिळतील का.

घरी त्याच्या बायकोनं, वत्सलाबाईनं, सगळं ऐकून घेतलं, एक शिंपला उचलला आणि मोरीत साबणाखाली ठेवला. पाणी भोकांतून निथळून गेलं. "चांगलाय की," ती म्हणाली. "साबण विरघळायचा नाय. घोटीला कधी निघायचं?"

"सोमवारी."

जाण्याआधी तिचा पितळी हंडा तरी लख्ख हवा, म्हणून चंदर चिंच कोळायला बसला.