चावी काढली, तरी इंजिन चालूच

पोलीस सेवेत तपासलेले बरेच गुन्हे आता पुसट झाले आहेत. निवृत्तीला वर्ष उरलं असताना काल्हेरच्या एका गोदामात घडलेला प्रकार मात्र मनातून जात नाही.

माल उतरवायला उभ्या असलेल्या ट्रकचं इंजिन दुपारी अचानक किंचाळायला लागलं. आवार पांढऱ्या धुराने भरलं आणि दोनेक मिनिटांत इंजिन फुटलं. लोखंडाचा तुकडा एका हमालाच्या मांडीत घुसला. मी पोहोचलो तेव्हा त्याला रुग्णालयात हलवलं होतं आणि बाकीचे हमाल ड्रायव्हरच्या अंगावर धावून जात होते. त्याला जीपमध्ये घालून पोलीस ठाण्यात आणलं.

ट्रकमालक आमच्या आधीच तिथे येऊन बसला होता. "साहेब, हा पितो. मस्तीत ॲक्सिलरेटर दाबून धरला असणार."

पटण्यासारखं होतं. मी फिर्याद नोंदवून घेतली.

ड्रायव्हर आतल्या खेड्यातला, चाळिशीचा, हडकुळा माणूस.

"किती प्यायलास?"

"थेंब न्हाय, सायेब."

"मग पाय का नाही काढलास?"

"पाय कसला, चावी काढली हाय मी. तरी गाडी बंद न्हाय झाली."

चावी काढल्यावर इंजिन चालतं? असली थाप मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी आवाज चढवला, तो तेच सांगत राहिला. वैद्यकीय तपासणीत दारू आढळली नाही, तेव्हा मात्र मी अस्वस्थ झालो. बाहेर जमाव हटत नव्हता. हमाल दगावला तर कलम वाढणार होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी याला कोर्टात हजर करायचं होतं.

सकाळी हमाल शुद्धीवर आल्याचा निरोप आला. जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. माझा हात धरून तो म्हणाला, "साहब, उसको मत मारना. वो नीचे उतरके सबको पीछे ढकेल रहा था. चाबी उसके हाथ में थी, और इंजन चिल्लाए जा रहा था."

तेवढ्यात गोदामावर पहाऱ्याला ठेवलेल्या हवालदाराचा फोन. "साहेब, मालक क्रेन घेऊन आलाय. ट्रक गॅरेजला नेतो म्हणतोय."

"चाक हलता कामा नये!" मी ओरडलो.

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावलं, तर ते धामणकर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. मी सारखं घड्याळ बघत होतो. ते आले आणि पंचांसमोर तपासणी झाली. उरलेलं इंजिन ऑइल त्यांनी बोटांत चोळून मला हुंगायला दिलं. पाण्यासारखं पातळ, काळंकुट्ट, आणि डिझेलचा वास.

"खर्च वाचवायला धूर गाळणारा फिल्टर कापून रिकामा केलाय," ते म्हणाले, "आणि जास्त ताकदीसाठी इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून डिझेल वाढवलंय. जास्तीचं डिझेल जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरतं. पातळ ऑइलने इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोचं बेअरिंग घासलं, सील गेलं. मग इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागलं. चावीने डिझेल बंद होतं. ऑइल कसं होणार?"

ड्रायव्हरचा फोन जप्त मुद्देमालात होता. त्यात मालकाला पाठवलेला एक ऑडिओ सापडला. "शेठ, ऑइल पट्टीवरच्या खुणेच्या वर गेलंय. रोज वाढतंय. गाडी दाखवू का?" मालकाचं उत्तर होतं, "वाढतंय तर बरंच आहे की. चालव."

तो ऐकवल्यावर मालकाने पाणी मागितलं. "सगळेच करतात, साहेब," तो पुटपुटला आणि राहनाळच्या गॅरेजवाल्याचं नाव सांगितलं. दोघांवर खटला चालला. हमालाचा पाय वाचला, पण ओझं उचलणं कायमचं सुटलं.

खोटं बोलणारा माणूस आपल्याला पटेल असंच सांगतो, हे मी त्या दोन दिवसांत शिकलो. खरं घडलेलं कधीकधी थापेसारखं ऐकू येतं.

ड्रायव्हरला सोडताना मी म्हणालो, "चूक झाली माझी. काल तुझं ऐकायला हवं होतं."

तो चप्पल घालता घालता थांबला. "ऐकलंव ना तुमी, सायेब. हमालाकडून ऐकलंव."

तो फाटकाबाहेर गेला आणि मी कोर्टात द्यायचा अहवाल पुन्हा लिहायला बसलो.