गाडीचं पोट

९ जानेवारी २००४, शुक्रवार. काम: गाडी खालून धुणे. उद्या तपासणी.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी हे लाल पेनाने लिहून ठेवलं होतं. सात वाजले, साडेसात झाले, खाली बादली वाजली नाही. सात वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तीनदा गॅलरीतून वाकून पाहिलं आणि दोनदा चहा गरम केला.

तुम्ही कुवेतमधल्या महबूल्यात राहिला असाल तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, प्रत्येक इमारतीखाली कोणीतरी गाड्या धूत असतो. पण आमचा दादा गाडी धुण्याआधी ती चाखायचा. दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवायचं, ते जिभेला लावायचं आणि डोळे मिटायचे.

"मीठ आसा, वैनीनू."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिसारी आली. "अहो दादा, धूळ आहे ती! काय काय असेल त्यात."

"धुळीक चव नसता. ह्येका आसा."

तो वेंगुर्ल्याच्या बाजूचा. पन्नाशीला आलेला, बुटका, खांदे मात्र रुंद. शनिवार ते गुरुवार शुवैखच्या एका गॅरेजात पत्र्याचं काम करायचा आणि शुक्रवारी आमच्या इमारतीतल्या सहा गाड्या धुवायचा. वडील होड्या दुरुस्त करायचे, त्यामुळे गाडीकडेही तो होडी म्हणूनच बघायचा. बॉनेटला नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, म्हणायचा. गाडी उलटी करून ठेवता येत नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटे. "होडी वर्साक एकदा उलटी घालतत. गाडी कोण घालता? गाडी वरसून दिसता, खालसून मरता."

थंड देशांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्याने गाड्या खालून गंजतात, असं नवऱ्याच्या कंपनीतला एक स्कॉटिश इंजिनीअर सांगायचा. आमच्याकडे ते कोणाला टाकावं लागत नाही. समुद्र दोन गल्ल्यांवर, जमीन मुळातच खारी. हिवाळ्यात दोन पाऊस पडले की आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत, जिथे आम्ही गाड्या लावायचो, तिथे तळं साठायचं. ते आटलं की वाळूवर पांढरा पापुद्रा उरायचा. त्यात रोजचं दव. सकाळी गाडी न्हाऊन आल्यासारखी टपटपत असे. लोक छत पुसायचे, काचा पुसायचे आणि निघायचे. दादा पुठ्ठा अंथरून खाली सरकायचा आणि फक्त त्याचे तळवे दिसायचे.

एका वर्षी तो गावाहून टॉनिकच्या बाटलीत मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचं तेल घेऊन आला. होड्यांच्या लाकडाला तेच लावतात. मला न विचारता त्याने माझ्या गाडीच्या पोटाला दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी गाडीखाली सात मांजरं होती. ती आठवडाभर हलली नाहीत. सिग्नलला गाडी थांबली की शेजारची मंडळी काचा वर करायची. माझा मुलगा शाळेच्या फाटकाच्या बरंच अलीकडे उतरायला लागला. "आई, युअर कार इज अ फिश," तो म्हणाला.

दादाला सांगितलं तर तो अजिबात ओशाळला नाही. "वास जातलो. पत्रो ऱ्हवतलो."

वास गेला, दीड महिन्याने.

डिसेंबरात त्याने मला खाली बोलावलं. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ तो गाडीच्या तळावर आपटत होता. टण, टण, टण आणि मग एकदम ठप्प. "ह्या ऐका. खाली येवा."

गाऊनवर ओढणी घेऊन चाळिशी उलटलेली मी पुठ्ठ्यावर आडवी झाले. समोरच्या गॅलरीतली मल्याळी नर्स कपडे वाळत घालायचं थांबवून बघत होती. ड्रायव्हरच्या सीटखाली पोळीएवढा भाग तांबडा झाला होता. दादाने नखाने टोकरलं तर पत्रा बिस्किटासारखा तुटून माझ्या केसांत पडला.

"कापूक होयो. नवो पत्रो घालूक होयो. दोन दिस."

दोन दिवस मी आणणार कुठून? नवरा रिफायनरीच्या शटडाऊनमधल्या दुरुस्तीवर होता, महिनाभर त्याचं तोंड दिसत नव्हतं. शुवैखमधल्या औषधांच्या गोदामाच्या किल्ल्या माझ्याकडे. मी सातला पोचले नाही तर ट्रक दारात उभे. आणि दहा जानेवारीला गाडीची तपासणी. ती झाली नाही तर गाडीच्या कागदांची मुदत संपणार आणि गाडी रस्त्यावर काढता येणार नाही. "तपासणी होऊ द्या, मग कापू," मी म्हटलं.

"झाकू नकात, वैनीनू. कापा."

मी झाकलं. हवल्लीत एका माणसाने तासाभरात भोकावर फायबर चिकटवलं आणि तळाला डांबरासारखा काळा लेप दिला. गाडीचं पोट नवं कोरं दिसायला लागलं.

पुढच्या शुक्रवारी दादा खाली सरकला. मूठ आपटल्याचा आवाज आला, एकदाच. मग तो बाहेर येऊन उकिडवा बसला.

"ह्या कोणी केल्यान?"

"मी करून घेतलं. तपासणीपुरतं."

"सीट कशार बसता, म्हायत आसा?"

"दादा, तुम्ही धुवायचं काम करा. बाकीचं मी बघते."

त्याने फडकं पिळलं. "धुतंय," म्हणाला आणि धुतली. चाकं, काचा, दाराच्या फटी, सगळं. फक्त खाली गेला नाही, बोटही चाखलं नाही. चहा ठेवला होता, तो न घेताच गेला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तसंच. मला दिसत होतं. बोलू, म्हटलं, तपासणी झाली की बोलू.

तर त्या नऊ तारखेला साडेआठपर्यंत वाट पाहून मी स्वतःच बादली घेऊन खाली उतरले. आमचा इजिप्शियन वॉचमन दारात बसला होता. आखाती हिंदीत त्याने सांगितलं, "दादा गया. कल. खलास, इंडिया." गॅरेज बंद झालं होतं. मालकाने इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द करून हातात तिकीट दिलं होतं. काल संध्याकाळी, विमानतळावर जाण्याआधी, दादा बॅग घेऊनच इथे आला होता. "एक घंटा तुम्हारा गाडी के नीचे सोया."

मी पुठ्ठा टाकून खाली सरकले.

काळा लेप खरवडून काढलेला होता. फायबर उपटलेलं, भोक उघडं, त्यातून सीटचं बूड दिसत होतं. भोकाभोवती खडूने चौकोन आखलेला होता. चार सरळ रेघा, गंज संपून चांगला पत्रा सुरू होतो तिथून. पत्र्याची माणसं कापण्याआधी आखतात तसा.

मी भयंकर संतापले. उद्या सकाळी तपासणी आणि या माणसाने माझी गाडी फाडून ठेवली! वॉचमनलाच झापलं, तू बघत काय होतास? तो बिचारा म्हणाला, मला वाटलं धुतोय. दादाला जाब विचारावा तर त्याचा फोन नाही. गावाचं नावही मी सात वर्षांत नीट विचारलं नव्हतं.

हवल्लीतलं दुकान शुक्रवारी चारला उघडायचं. तोवर मी दोनदा जिना चढले-उतरले, किल्ली उचलली, ठेवली, मुलाला जेवायला वाढताना आमटीऐवजी ताक वाढलं. चारला खाली येऊन सीटवर बसले आणि किल्ली फिरवण्याआधी, का कोण जाणे, जोर लावून मागेपुढे हलले. सीट कुरकुरली आणि माझ्यासकट डावीकडे कलली.

या सीटवर बसून मी रोज समुद्राकडच्या मोठ्या रस्त्याने शंभरच्या वेगाने जात होते.

हवल्लीला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाच्या किल्ल्या हाताखालच्या मुलीकडे पोचवल्या, गाडी उचलून नेणारा ट्रक बोलावला आणि त्याच्या ड्रायव्हरशेजारी बसून शुवैखला गेले. तिथल्या पंजाबी मिस्त्रीने गाडी वर चढवली, खडूचा चौकोन पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, काटना क्यूं? काला मार देता हूं, आज ही पास हो जाएगी."

"काटो," मी म्हटलं. "लकीर के ऊपर से."

त्याने कटर लावला. ठिणग्या उडायला लागल्या तशी मी बाजूला झाले. दाराची खालची कड बरोबर माझ्या चेहऱ्यासमोर होती. मिस्त्रीचं लक्ष नाही असं पाहून मी तिच्यावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

मग त्याच्याकडे बादली मागितली.