मावशीचा पोल्डर

आमच्या मावशीचं नेदरलँड्समधल्या कुठल्याही माणसाशी पाच मिनिटांत जमतं. अट एकच, त्याच्या घरात कधीतरी एक गाय असायला हवी. गाय नसेल तर ती तुमच्याशी हवापाण्याचं बोलेल, चहा देईल, पण तिचं लक्ष तुमच्यात नाही हे तुम्हालाही कळेल. मावशी म्हणजे माझ्या आईची मावसबहीण. लग्न होऊन ती पुण्याहून उइटहॉर्नच्या पलीकडच्या एका लहानशा पोल्डरमध्ये आली. पूर्वी तिथे मोठं तळं होतं. ते उपसून, भोवती बांध घालून जमीन काढली आणि त्या चिखलात काही कुटुंबं गायी घेऊन राहायला आली. काकांचं ऑफिस आर्नहेमला, म्हणजे अर्ध्या देशापलीकडे. तरी ते रोज तिथून इथे येतात, कारण मावशी गाव सोडायला तयार नाही. "आर्नहेम छान आहे," ती म्हणते, "पण तिथे माझं कोण आहे?" इथे तिचं कोण आहे असं मी एकदा विचारलं, तर तिने शांतपणे चार पिढ्यांपूर्वीच्या गवळ्यांची नावं सांगायला सुरुवात केली.

पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना हे माहीत नसतं. ते बिचारे ट्यूलिप बघायला येतात. मागे एक नवं जोडपं आलं होतं, त्यांना मावशीने भुरभुर पावसात कालव्याकाठच्या एका सिमेंटच्या ओट्यासमोर पंचवीस मिनिटं उभं केलं. "इथे दुधाचे कॅन ठेवायचे. होडी यायची, घेऊन जायची. ही कड बघा, कॅन घासून घासून कशी गोल झालीय." नवी नवरी थंडीने कुडकुडत म्हणाली, "मावशी, ती बाग पाचला बंद होते." "ट्यूलिप दर वर्षी येतात गं," मावशी म्हणाली, "हा ओटा पुढच्या वर्षी असेल का?" ट्यूलिप राहिले ते राहिलेच. त्या दोघांच्या फोनमध्ये अजून ओट्याचे एकोणीस फोटो आहेत.

राजे, लढाया, तह यांना मावशीच्या इतिहासात जागा नाही. पहिल्या पावसाळ्यात कुणाची गाय चिखलात रुतली आणि ती काढायला कोणकोण आलं, कोण आलं नाही, हा तिचा इतिहास. त्यासाठी ती सायकलला दोन पिशव्या लावून निघते, एकीत वह्या आणि दुसरीत शंकरपाळ्यांचा डबा. इकडे साडेदहाच्या कॉफीबरोबर एकच बिस्कीट द्यायची पद्धत आहे. त्या एका बिस्किटावर वाढलेल्या माणसांसमोर अख्खा डबा उघडून "घ्या, संपवायचाय" म्हटलं की पंचाहत्तर वर्षांची आजीसुद्धा शेजारणीने चोरलेल्या कोंबडीबद्दल बोलू लागते. हे सगळं मावशी लिहिते मराठीत. डच तिला फर्डं बोलता येतं, पण लिहायला बसली की हात मराठीतच चालतो. गावात एक इतिहास मंडळ आहे. त्याचे चिटणीस, एक निवृत्त मास्तर, तिच्या वह्या आदराने घेतात, उलटसुलट करून बघतात आणि कपाटात ठेवतात. त्या खणावर त्यांनी चिठ्ठी लावली आहे: 'भारत'. म्हणजे या डच गावाचा निम्मा इतिहास भारत नावाच्या खणात आहे आणि गावात कुणालाही तो वाचता येत नाही.

मी उइटहॉर्नला खोली घेऊन राहते आणि झुइडास या ऑफिसांच्या वस्तीतल्या एका इमारतीत काम करते. तिथे दिवसभरात मी फार तर चाळीस वाक्यं बोलत असेन, त्यातली निम्मी स्क्रीनकडे बघून. मावशीची नजर अधू झाल्यावर तिने दर शनिवारी मला लेखनिक म्हणून बोलावलं. माझं शिक्षण इंग्रजीतून. मराठी लिहायचं म्हणजे मला घाम फुटायचा. मावशीने माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कधी काढल्या नाहीत. "चुकलं तर चुकू दे, राहून गेलं नाही पाहिजे," एवढंच. लग्नाचं काय, इथेच राहणार का, असलं तिने मला एकदाही विचारलं नाही. मी शनिवार चुकवत नसे त्याचं खरं कारण ते होतं.

या सगळ्यात तिची एकच वही कोरी होती. बांधालगत एक म्हातारा एकटा शेतकरी राहायचा. मावशी त्याला पाटील म्हणायची, अगदी तोंडावर. त्याच्या चौदा कुरणांना जुनी नावं होती आणि कुठलं नाव कुठल्या कुरणाचं हे आता फक्त त्यालाच माहीत होतं. नकाशावर नुसते आकडे. आणि ती जमीन पावसाचं जादा पाणी साठवण्यासाठी घेतली गेली होती. वसंतात बांध फोडून तिथे पाणी सोडणार होते. पाण्याखाली जाण्याआधी नावं मिळाली नाहीत तर ती कायमची गेली, आणि मावशीची झोप उडाली होती. पण पाटील इतिहासवाल्यांना दारात उभं करत नसे. मंडळाच्या एका पुस्तिकेत त्याच्या वडिलांच्या गायीचा फोटो शेजाऱ्याची गाय म्हणून छापला गेला होता, त्याला बरीच वर्षं झाली होती. मावशी तीनदा जाऊन आली. शंकरपाळेसुद्धा हरले. "गोड खात नाही," एवढं बोलून त्याने दार लावलं.

मग वसुबारस आली. एरवी मावशी पितळेच्या गायवासरावर भागवते, पण त्या वर्षी तिने ताट सजवलं, मला अर्धी रजा टाकायला लावली आणि आम्ही संध्याकाळी पाटलाच्या कुंपणाशी उभ्या राहिलो. दूध काढायच्या वेळी गोठ्याकडे निघालेल्या गायींतली एक काळीपांढरी आमच्याकडे मान काढून उभी होती. इथे वासरू जन्मलं की काही तासांत आईपासून वेगळं ठेवतात. रस्त्यालगत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खोपट्यांत वासरं होती. मावशीने गायीला कुंकू लावलं, दोन पावलं सरकून जवळच्या वासराला लावलं आणि मोठ्याने म्हणाली, "ही आई, हे लेकरू, दोघांना सुखी ठेव." डचमध्ये. वसुबारशीची पूजा डचमध्ये का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

घराचं दार धाडकन उघडलं. पाटील लाकडी जोड्यांत धावत आला. "ते तिचं नाही! तिचं तिकडे, तिसऱ्यात!"

"अगं बाई, चुकलंच माझं," मावशी म्हणाली.

"या दोघांत काही साम्य तरी आहे का? कपाळ बघा!" त्याचा चेहरा लाल झाला होता. तो गेला आणि तिसऱ्या खोपटीतलं वासरू उचलून घेऊन आला, गायीसमोर उभं केलं. गायीने आधी वास घेतला, मग चाटायला लागली, थांबेचना. मावशीने ओवाळलं. पाटील टोपी हातात घेऊन उभा होता. मग त्याने, बहुधा काय करावं न सुचून, आत बोलावून कॉफी विचारली. मावशीने ती बिनदुधाची मागितली. "आज आम्ही दूध घेत नाही. आज ते वासराचं." साठ वर्षं दूध विकलेला तो माणूस कपाकडे बघत बसला आणि त्याने स्वतःच्या कॉफीतही दूध घातलं नाही.

एव्हाना मावशीला गुरुकिल्ली सापडली होती. खिडकीतून बोट दाखवून ती म्हणाली, "ते रुंद कुरण ना?"

"रुंद? कोण म्हणालं रुंद? तो भिजका मोजा!"

"आणि त्यापुढचा विधवेचा कोपरा?"

"विधवा पलीकडे. हा रविवारचा तुकडा. चर्चमधून दिसतो, म्हणून रविवारी तिथे काम करायची चोरी."

मावशी अकरा नावं चुकली. पाटलाने चौदा सांगितली. मी ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करता लिहीत सुटले, आणि परतताना मावशी सायकलवर गात होती, बेसूर.

थंडीत त्याच्या गायी विकल्या गेल्या आणि तो उइटहॉर्नमधल्या एका फ्लॅटमध्ये राहायला गेला. बांध फोडला त्या सकाळी आम्ही तिघं बांधावर उभे होतो. पाणी गडबड न करता आलं. भिजका मोजा सगळ्यात आधी बुडाला, मग विधवेचा कोपरा. दुपारपर्यंत गवताची एकच लांब पट्टी वर राहिली आणि तिच्यावर बदकं बसली. मावशी सकाळपासून पाटलाकडे बघत होती, मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पाटील, ते राहिलंय ते रुंद कुरण ना?"

तो पाण्याकडेच बघत होता. "असेल," तो म्हणाला.

मावशीची चूक त्याने पहिल्यांदाच तशीच जाऊ दिली होती. आणि मग माझ्याच तोंडून, माझ्या मोडक्या डचमध्ये, गरजेपेक्षा फार मोठ्याने बाहेर पडलं, "नाही. तो रविवारचा तुकडा आहे."

पाटलाने वळून माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली, बरोबर म्हणून. आम्ही ती पट्टी दिसेनाशी होईपर्यंत तिथे उभे राहिलो.