ई म्हणजे म

आमचा कॉम्प्युटर इतका म्हातारा झाला होता की बटण दाबून मी अंघोळ, पूजा आणि चहा उरकून यायचो, तरी पडद्यावर ते गोल आपलं फिरतच असायचं. आतली हार्ड डिस्क करकर वाजायची. पुण्याचा जावई दर फोनला म्हणायचा, "बाबा, तो डबा फेकून द्या." या माणसाला जगातली कुठलीही अडचण फेकून दिली की सुटते असं वाटतं. त्याचं ऐकायचं नाही एवढ्या एका कारणासाठी मी तो डबा आणखी दोन वर्षं वापरला.

शेवटी दुकान गाठावंच लागलं. बत्तीस वर्षं मराठी शिकवल्याची शिक्षा अशी, की सोलापुरात कुठंही जा, माझा एखादा नापास विद्यार्थी तिथं दुकान मांडून बसलेला असतो. नवी पेठेतला हा त्यातलाच. निबंधात 'माझी आई' लिहिताना 'माझी'ची वेलांटी चुकवणारा. आता काचेचं दार, थंडगार एसी आणि गळ्यात कसलं तरी कार्ड.

"सर, हार्ड डिस्क काढून टाकू आन् एसएसडी बसवू," तो म्हणाला. "लई पळतंय बघा मशीन."

"पळायचं नंतर बघू. आत माझं पुस्तक आहे, ते जागेवर राहिलं पाहिजे," मी म्हणालो.

माझी पहिली नोकरी उजनी धरणाच्या काठावरच्या एका गावात झाली. तिथल्या शाळेच्या आठवणी मी सहा वह्यांत लिहिल्या होत्या आणि दोन वर्षांपूर्वी बायकोनं त्या टाईप केल्या होत्या. ती कचेरीत मराठी टायपिस्ट होती. टायपिंग झाल्यावर वह्या मीच रद्दीत घातल्या. बार्शीचा एक प्रकाशक पुस्तक छापायला तयार झाला होता आणि त्याला आठवड्यात फाईल हवी होती. म्हणजे माझं सगळं लेखकपण त्या करकरणाऱ्या डब्यात होतं.

दोन दिवसांनी पठ्ठ्या स्वतः मशीन घेऊन घरी आला. बटण दाबलं आणि चक्क लगेच सुरू झालं. जुनी डिस्क कागदात गुंडाळून त्यानं माझ्या हातात ठेवली, जणू ऑपरेशन करून काढलेला मुतखडा. "सगळा डेटा घेतलाय, सर," म्हणाला. मी फाईल उघडली. दोनशे पानं होती, पण एकाही पानावर मराठी नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, मध्येच अवतरणचिन्हं. कुणी तरी कीबोर्डवर मूठभर शेंगदाणे टाकावेत तसं.

"व्हायरस हाय, सर," तो म्हणाला. न समजणाऱ्या प्रत्येक गोष्टीला या लोकांकडं हा एकच शब्द आहे. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. त्याचा नववीतला निकालही मी काढला. वह्या गेल्या, फाईल गेली, आणि मी उरलो निव्वळ निवृत्त मास्तर.

आरडाओरडा ऐकून बायको स्वयंपाकघरातून आली. मी लेखक आणि ती टंकलेखक, या दोन शब्दांत मला कायम जमीन-अस्मानाचं अंतर वाटत आलं होतं. तिच्या नोकरीला मी चारचौघांत 'टकटक' म्हणायचो. तिनं पदराला हात पुसले आणि वाकून पडद्याकडं बघितलं.

"व्हायरस कुठला? मराठीच हाय की हे."

"मराठी? कुठं दिसतंय तुला?"

ती खुर्चीवर बसली आणि दहाही बोटं टेबलाच्या कडेवर ठेवली. "ई म्हणजे म. जे म्हणजे र. के म्हणजे काना. मोठा बी म्हणजे ठ. एच म्हणजे दुसरी वेलांटी. झालं की मराठी." मग दुकानदाराकडं वळून म्हणाली, "बाळा, तू फाईल आणलीस, पर मराठी अक्षरांचा आमचा जुना फॉन्ट तितंच ऱ्हायला. त्या जुन्या डिस्कमधनं काढून हितं टाक."

तो डिस्क जोडायला लागला. तेवढ्यात ती त्या शेंगदाण्यांतून वाचायला लागली. नजर पडद्यावर, बोटं टेबलावर हलताहेत आणि तोंडातून सलग मराठी. "उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या शाळेची पायरी उघडी पडायची, आणि पोरं उगीचच जाऊन तिच्यावर बसायची."

"बघ," मी दुकानदाराला म्हणालो, "याला म्हणतात वाक्य."

बायको थांबली. "ते माझं हाय," म्हणाली.

"काय तुझं?"

"वाक्य. तुमी लिहिलं होतं, 'जलाशयाची पातळी खालावताच गतवैभवाचे अवशेष दृग्गोचर होत.' त्या पायरीवर पोरं बसायची ती मी घराच्या खिडकीतनं बघायची. तुमी वर्गात असायचा."

दुकानदार मान खाली घालून डिस्कशी खेळत होता, पण त्याचे खांदे हलताना मला दिसले. दोन मिनिटांत फॉन्ट बसला आणि दोनशे पानं स्वच्छ मराठीत उभी राहिली. मी अधाशासारखं वाचलं. 'दृग्गोचर' कुठंच नव्हतं. मला आवडत गेलेल्या प्रत्येक वाक्यापाशी मी घाबरत गेलो.

"अशी किती बदललीस?"

"मोजली न्हाईत. वाचवत नव्हतं तितं बदललं."

पडताळायला वह्या नव्हत्या. दुसऱ्यांच्या निबंधांवर लाल शाई ओतण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्या निबंधावर कुणी हात फिरवला ते मला दोन वर्षं कळलं नाही. त्या नापास विद्यार्थ्याला हसायला मी मोकळा होतो. स्वतःची फाईल मी एकदाही सरळ बसून वाचली नव्हती.

दुकानदार गेल्यावर मी पहिलं पान उघडलं. माझ्या नावाखाली तिचं नाव टाकायचं ठरवलं, आणि तेही स्वतःच्या हातानं. एका बोटानं, एकेक बटण शोधत. त्या चार अक्षरांना माझा अर्धा तास गेला. घरातले सगळे अर्ज तीच भरते. आमच्या लग्नाच्या पत्रिकेनंतर तिचं नाव लिहायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

झाल्यावर तिला हाक मारली. तिनं वाकून बघितलं. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो.

"वेलांटी पहिली पाहिजे," ती म्हणाली. "तुमी दुसरी दिलीय."