पायऱ्यांवरचा नमदा

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, एवढं शहाणपण सगळ्यांनाच असतं. लोकर दाबून नमदे, म्हणजे जाड बिछायती, बनवणाऱ्या वेयसल आगाला त्यापुढचंही ठाऊक होतं. साहेबासमोरून निघताना पाठ फिरवायची नाही. तोंड त्याच्याकडे, हात पोटावर आणि उलट्या पावलांनी दारापर्यंत. बापाने शिकवलं होतं. जुनी कचेरी एका भाड्याच्या घरात होती, तळमजल्यावर. मागे सरकताना फार तर एखादी कोंबडी पायात यायची. "माझ्यासारखं उलटं चालणारा या गावात दुसरा नाही," असं तो कॉफीखान्यात ऐटीत सांगायचा. आता तेच सांगताना स्वतःच हसतो.

मग सुलतानाने गावाला नवी कचेरी दिली. घडीव दगड, दोन मजले, उंच खिडक्या, दारावर सोनेरी शाही मोहोर. बांधून झाल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं की एवढी इमारत लांबून दिसायला पुढे चौक हवा. चौकाच्या जागेत वेयसलचं दुकान होतं. बापाने तिथे ओली लोकर गुंडाळून छातीच्या जोराने लाटली, त्यानेही तेच केलं. दुसरं काही त्याला येत नव्हतं.

"कायमकाम साहेबांना भेटा," बायको गुलसुम म्हणाली. "आणि तोंडाचा पट्टा आवरा."

तालुक्याचा हा तरुण साहेब वरच्या मजल्यावर बसायचा. वेयसलने दुकान वाचवा म्हणून हात जोडले. साहेबाने खिडकीतून खाली दुकानाकडे बघितलं आणि म्हणाला, "बघू." वेयसलला वाटलं, जिंकलो. तो झुकला आणि आपल्या त्या नामांकित पद्धतीने निघाला. नव्या कचेरीत दाराबाहेरच जिना असतो, हे बापाने शिकवलं नव्हतं.

तो थेट खाली, दारवान इदरीसच्या पायांशी येऊन थांबला. साहेब धावत उतरला आणि त्याच्याशेजारी पायरीवरच बसला.

"अहो आगा, वळून का नाही चाललात?"

"आपल्याकडे पाठ कशी करू, बेय?"

"करायला ती उरलीय कुठे आता," इदरीस पुटपुटला.

साहेब हसला नाही. म्हणाला, "या जिन्यावर तुमचा नमदा घाला. तो पुरा होईपर्यंत दुकानाला कुणी हात लावणार नाही."

घरी गुलसुमने त्याच्या कमरेला गरम कोंडा बांधला. "अल्लाने वाट दाखवली. आता सावकाश करा. लोकर वाळत नाही म्हणा, कंबर धरलीय म्हणा. हे साहेब बदलून जातात हो. पुढच्याला आठवणारही नाही."

वेयसलने मान डोलावली. पण काम सरकारी, आणि दुकान रस्त्यावर. येणारा-जाणारा थांबायचा, "वा, आगा" म्हणायचा, की याचा हात दुप्पट चालायचा. कुणी न मागता त्याने काठावर डाळिंबाची नक्षी धरली. बर्फ पडायच्या आत नमदा तयार झाला. गाढवावर घालून तो स्वतःच कचेरीत घेऊन गेला.

साहेबाने नक्षीवरून हात फिरवला. "इतक्या लवकर?"

"आपलं काम, बेय. उशीर कसा करू?"

साहेबाने नुसती मान हलवली. ती शाबासकी आहे असं समजून वेयसल खुशीत घरी आला. "तो मला वाचवत होता," आता तो सांगतो, "आणि मी शहाणा त्याला वाचवू देईना."

त्याच आठवड्यात दुकानावर पहारी आल्या. छप्पर पडलं तेव्हा वेयसल कचेरीच्या दारातच उभा होता. त्याला राग आला, आयुष्यात पहिल्यांदा सरकारवर आला. त्याने कचेरीकडे सरळ पाठ फिरवली आणि लंगडत घराकडे निघाला.

थोडं पुढे गेल्यावर त्याने हळूच मागे वळून बघितलं, साहेबाने पाहिलं तर नाही ना. खिडकीत कुणीच नव्हतं.