राखणेचा नारळ आणि फुगा

आमचे हे "काढलंय" म्हणाले की मी आधी त्यांच्या कानाकडे बघते. खोटं बोलताना ते कानाची पाळी चोळतात. लग्न झाल्यापासून चोळतायत, आणि मला ते कळतं हे त्यांना अजून कळलेलं नाही. त्या दिवशी मी विचारलं, "गाडयेतलो नारळ काढलास काय?" त्यांनी पाळी चोळली आणि म्हणाले, "काढलंय गो. कितीदा सांगू तुका?"

नारळ साधासुधा नव्हता. मुलीला सातवा लागला आणि ती पहिल्या बाळंतपणाला मुंबईहून आमच्याकडे मिठबावला यायची ठरली, तेव्हा ह्यांनी शिवेवरच्या राखणदाराला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातलं. राखणदार म्हणजे झाडाच्या मुळाशी बसवलेला एक दगड, पण त्याला विचारल्याशिवाय आमच्याकडे कोणी विहीरसुद्धा खणत नाही. गाऱ्हाण्यानंतर शेंडीचा नारळ हातात आला. मुलगी सुखरूप घरी पोचेपर्यंत तो गाडीत, तिच्या जागेसमोर ठेवायचा. वळणावर गडगडू नये म्हणून ह्यांनी तो दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने डॅशबोर्डवर बसवला. आणि कुठे? एअरबॅगची अक्षरं कोरलेल्या झाकणावर, नेमका!

मी देव मानते. म्हणून नारळ मऊ होतो असं नाही.

माझ्या धास्तीला कारण होतं. आमच्या वाडीतल्या एका गुरुजींची गाडी मोरीच्या कठड्याला धडकली होती. वेग फार नव्हता. एअरबॅगचे दोन्ही फुगे उघडले आणि नवरा-बायकोची डोकी शाबूत राहिली. पण बायकोच्या समोर झाकणावर संगमरवरी गणपती चिकटवलेला होता. फुगा आतून उसळला तो गणपतीला घेऊनच, आणि तिचा ओठ फाटला, पुढचे दात गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "देवान वाचवल्यान." मी चहाचा कप धरून तिच्या टाक्यांकडे बघत होते. देवाने वाचवलं, मग दात कोणी पाडले? तिथे तसं विचारलं असतं तर वाडीने वाळीत टाकलं असतं, म्हणून मी मुकाट्याने चहा प्याले. तेव्हापासून मात्र गाडीतल्या सुट्या वस्तूंवर माझा विश्वास उडाला.

हे सगळं मी ह्यांना सांगितलं होतं. ह्यांचं उत्तर ठरलेलं. "फुगो मऊ आसता गो. नावच फुगो!"

"फुगो मऊ, पण नारळ?"

"राखणदार बघून घेतलो."

"तेका गाडी चलवक येता?"

यावर ते रागावून बागेत निघून गेले. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवरून नारळ नाहीसा झाला आणि "काढलंय" सुरू झालं.

मला ते इतक्या सहज पटेना. पाणी कुठेतरी मुरत होतं. एक तर मुलीचा फोन आला की हे उठून अंगणात जायला लागले होते. एरवी फोनवर असे ओरडून बोलतात की शेजारणीला आमच्याकडे आज कुठल्या मासळीचं सार आहे ते कळतं, आणि आता एकदम कुजबूज. मी बाहेर गेले की लगेच, "घे, आये इली," म्हणून फोन माझ्या हातात.

हे आंघोळीला गेले की मी गाडी उघडायची. एकदा बघते तर झाकणावर चिमूटभर कुंकू सांडलेलं आणि चिकटपट्टी नवीन लावलेली, वरचा कागदही न सोललेला. आता सांगा, काढून टाकलेल्या वस्तूसाठी कोणी नवी पट्टी लावतं? मी सीटखाली हात घातला. नारळ नव्हता, पण आंबे काढायच्या वेळचा कोयता निघाला, अर्धवट भरलेली कोकमाची काचेची बाटली निघाली, रंगाचा डबा निघाला. सगळं उचलून मांगरात, बागेतल्या खोपटात, नेऊन ठेवलं. मांगरात गेल्यावर माझा पाराच चढला. समोर नारळांचा ढीग! एक नारळ लपवायचा तर आमच्या घरासारखी जागा साऱ्या देवगड तालुक्यात सापडायची नाही. मी ढीग खालीवर केला, शेंड्या बघितल्या, कुंकू शोधलं. सगळे एकाच आईची लेकरं. मी हात झटकून बाहेर आले.

मुलीला कणकवली स्टेशनावरून आणायचा दिवस उजाडला. हे सकाळपासून फार गोड वागत होते. "तू कित्याक येतंस? कणकवलीपर्यंत उगाच धक्के. तिचा सामान आसतला, जागा व्हयी." मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. झाकण मोकळं होतं. तरी मी माझा डोळा तिथून हलवला नाही.

शिवेवर आमच्याकडे सगळेच गाडी हळू करतात, हात जोडतात आणि पुढे जातात. ह्यांनी गाडी चक्क थांबवली. मग त्यांचा हात हळूच स्वतःच्या सीटखाली गेला आणि पंच्यात गुंडाळलेला नारळ बाहेर आला. ब्रेकच्या पायापाशी नारळ! मी माझ्या बाजूची सीट धुंडाळली होती, त्यांच्या बाजूची राहिलीच होती.

"ह्यो खंयसून इलो?"

"गो, वरडू नको. ठेवकच व्हयो. शबूद दिलेलो आसा."

"कोणाक? राखणदाराक?"

"व्हय," ते म्हणाले, आणि हात कानाकडे गेला.

माझं डोकं भडकलं. नारळ त्यांच्या हातातून घेतला आणि खाली उतरले. मला तो फेकायचा नव्हता. देवाचा नारळ फेकायची माझी छाती नाही. पण तो माझ्या मुलीच्या पोटासमोर बसू द्यायचीही माझी तयारी नव्हती. मग राहिलं काय? आमच्या गावात गाऱ्हाणं पुरुषच घालतात. बाईने घातलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. पण शब्द लहानपणापासून कानावर पडलेले. मी दगडासमोर उभी राहिले, डोक्यावर पदर घेतला आणि आवाज लावला.

"बा राखणदारा म्हाराजा! आज ह्यां लेकरू तुका हाक मारता, ती ऐक रे म्हाराजा!"

मागून, गाडीच्या खिडकीतून, आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

"जो काय नारळ तुझ्या नावान गाडयेत ठेवलेलो होतो, तो तुझो तुका परत केलो, तो पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चेडवाच्या पोटाफुडे काय एक रवाक नको. तू स्वता गाडयेच्या फुडे चल, वाट मोकळी कर आणि चेडवाक सुखरूप घराक घेवन ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..." म्हणता म्हणता ते थांबले. आपण कशाला होकार दिला ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पण इथल्या पुरुषाच्या कानावर गाऱ्हाणं पडलं की तोंड आपोआप उघडतं, आणि गाऱ्हाण्याला व्हय म्हटलं की ते मागे घेता येत नाही. मी नारळ दगडापाशी ठेवला, नमस्कार केला आणि गाडीत येऊन बसले. कणकवलीपर्यंत मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

मुलगी स्टेशनातून बाहेर आली ती पाय ओढत. घोटे सुजलेले, चेहरा उतरलेला. मागे बसलं की तिला उलट्या होतात, म्हणून तिला पुढे बसवलं. सीट होईल तेवढी मागे सरकवली, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा पट्टा पोटाच्या खालून घेतला. मी मागे बसले. तिने पहिली गोष्ट काय केली असेल तर समोरच्या झाकणावर तळहात टेकला.

"बाबा, नारळ खंय?"

ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं. शब्द राखणदाराला दिलेला नव्हता, लेकीला दिला होता.

मग तिनेच सांगितलं, समोर बघत. पाचव्या महिन्यात एकदा रक्त दिसलं होतं. डॉक्टर म्हणाले, बाळ ठीक आहे, घाबरू नको. पण ती घाबरली ती घाबरलीच. "तुका सांगलंय आसतंय तर तू वरडली आसतंस, आये. म्हणून बाबांका सांगलंय. नारळ समोर आसलो तर माका भिया नाय वाटाचा."

मला राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. मी कुंकू तपासलं, चिकटपट्टी तपासली, नवऱ्याचा कान तपासला. पोर दोन महिने भीतीने अर्धी झाली होती, त्याचा मला वासही आला नव्हता.

मी पुढे सरकले, तिच्या सीटला मागून मिठी घातली आणि गाऱ्हाण्याचं सांगितलं. "तू? तू घातलंस गाऱ्हाणा?" ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. हेही डोळे पुसत होते. मी म्हटलं, "राखणदार फुडे गेलो हा, वाट बघतलो. तू भिया नको." त्यांनी गाडी सुरू केली. मी तशीच तिच्या खांद्यावर दोन्ही हात टाकून, अर्धी सीटवर अर्धी हवेत बसले होते.

"आये, तू पट्टो लावलंस?"

"मागे कोण लावता पट्टो?"

"गाडी आदळली तर तू माझ्या पाठीर येतलंस. नारळापेक्षा तू जड आसंस."

ह्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि माझ्याकडे वळून बघत राहिले. मी मागे सरकून पट्टा ओढला. तो लागल्यावर माझा हात तिच्या खांद्यापर्यंत पोचेना. तेव्हा तिने दरवाजाच्या बाजूने आपला हात मागे केला. मिठबाव येईपर्यंत मी तो धरून होते.