जाऊबाईंच्या साडीचे अभ्रे

शिवणकाम मी हौसेनं शिकले नाही. सूड घ्यायचा होता म्हणून शिकले.

झालं असं, की आमच्या सोलापूरच्या घराच्या वास्तुशांतीला थोरल्या जावेनं, म्हणजे अक्कांनी, मला साडी दिली. मोरपंखी रंग, जरीचा काठ. सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "बघ बाई, तुझ्यासाठी नवी पेठ तीनदा पालथी घातली." मी घडी मोडली, तर काठाच्या टोकाला कुंकवाचं बोट. माझंच. दोन दिवाळ्यांमागं मीच ती साडी अक्कांना दिली होती आणि देण्याआधी रीतीप्रमाणं हळदकुंकू लावलं होतं. आमची साडी सासर-माहेर फिरून घरी आली होती. बायका बघत होत्या म्हणून मी हसले. त्या हसण्यानं माझ्या दोन दाढा झिजल्या, आजही दाखवीन.

ही साडी नेसायची नाही, पुढंही ढकलायची नाही. तिचे तुकडे करून अभ्रे शिवायचे आणि अक्कांच्याच पाठीशी ठेवायचे, असं मी ठरवलं. अडचण एवढीच, की मला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

आमच्या खालच्या मजल्यावर विणकर घरातल्या एक तेलुगू बाई राहतात. अख्खी बिल्डिंग त्यांना अम्मा म्हणते. त्यांच्या मशीनवर मी बसले आणि पहिल्याच दिवशी असा खडखडाट काढला, की तिकडं लांब मंद्रूप गावच्या बाजारातल्या शेळ्यांनी दावी तोडली असतील. साडी फारच झुळझुळीत, म्हणून जोडीला मी आपल्या सोलापुरी चादरीचे तुकडे घेतले. एकीकडं कांद्याचं साल, दुसरीकडं बैलाचं कातडं. नऊ सुया मोडल्या. दहावी मला बघूनच वाकली.

त्यातून पहिला अभ्रा झाला. मी उशी मोजून, सगळे मिळून नेमके तेवढेच भरतील असे चोवीस तुकडे कापले होते. जोडून बघते तर त्यात उशी जाईना. फार तर एक भरलं वांगं गेलं असतं.

अम्मांनी चष्मा कपाळावर चढवला. "ताई, प्रत्येक जोडाला दोन्हीकडनं कापड आत जातंय की. तेवढं जास्ती ठेवायचं असतंय. आता ते कुठनं आणता, जावेकडनं?"

"त्यांच्याकडनं आणलं तर ते पण माझंच निघेल," मी म्हणाले.

अम्मा इतक्या हसल्या की बॉबिन कॉटखाली गेलं. मग त्यांनी सगळी हकीकत काढून घेतली. कुंकवाचा तुकडा मी वेगळा ठेवला होता. आधी त्या म्हणत होत्या, डाग पडलाय, टाकून द्या. हकीकत ऐकल्यावर म्हणाल्या, "टाकताय कशाला? मधोमध घ्या की. चारी बाजूनं चादरीची पट्टी मारू, फोटोला फ्रेम करतात तशी."

महिनाभर उसवलं, शिवलं, पुन्हा उसवलं. बोटांना इतकी भोकं पडली, की पाणी प्यायले तर तिथून गळेल असं वाटायचं. पण अभ्रा झाला, आणि उशी त्यात अशी बसली की जन्मलीच त्यात.

मग मी अक्कांना चहाला बोलावलं. त्या लेकीच्या सासूला, म्हणजे आपल्या विहीणबाईंना, घेऊन आल्या. मला वाटलं, देव माझ्या बाजूनं आहे.

विहीणबाईंनी उशी मांडीवर घेतली. "किती सुबक. साडी कुठली हो?"

"अक्कांनी दिलेली," मी साळसूदपणे म्हणाले.

अक्का फुलल्या. "माझी पसंती आहे. नवी पेठ तीनदा पालथी घातली होती."

"आणि अक्कांना ती मी दिली होती," मी बशीत बिस्किटं लावत म्हणाले. "हे मधलं कुंकू माझ्या बोटाचं."

अक्कांचा कप तोंडापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. माझे डोळे निवले. आता मला काही नको होतं. पण विहीणबाई त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"विहीणबाई," त्या अक्कांना अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "लग्नात तुम्ही आमच्याकडं सात साड्या दिल्या. तीन साड्यांच्या काठाला असंच कुंकू होतं. मी समजले, तुमच्याकडची पद्धत असेल."

अक्का बिस्किट बुडवायला लागल्या आणि ते कपात विरघळून गेलं तरी बुडवतच राहिल्या.

विहीणबाई माझ्याकडं वळल्या. "मला शिकवाल का हो हे?"

मी लगेच टेप काढली. "उद्याच या, त्या साड्या घेऊन. अक्का, तुम्हीपण बसा की. कुठली साडी कुणाची, ते सांगायला कुणीतरी लागेल."